नर्सिंगची पदवी : शिक्का कुणाचा, शिस्त कुणाची

नांदेडहून सुटणारी सचखंड एक्स्प्रेस परभणीला थांबते, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड करत दुसऱ्या दिवशी दिल्ली गाठते आणि पुढे अमृतसरला जाते. हजूर साहिबहून हरमंदिर साहिबला निघालेल्या भाविकांची ही गाडी. वाटेतल्या काही स्टेशनांवर डब्यापर्यंत लंगर येतो, हे परभणीकरांना ठाऊक असतं. मात्र याच गाडीच्या वाटेवर नर्सिंग शिकवणारी दोन विद्यापीठं धर्माच्या अधिष्ठानावर उभी आहेत, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. एक दिल्लीतलं जामिया हमदर्द. रूह अफ्जा शरबतामुळे घरोघरी पोचलेल्या हमदर्द घराण्यातल्या हकीम अब्दुल हमीद यांनी उभं केलेलं, 1989 पासून अभिमत विद्यापीठाचा दर्जा असलेलं. दुसरं अमृतसरचं श्री गुरु रामदास आरोग्य विज्ञान विद्यापीठ. ते शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीचं आणि पंजाब सरकारच्या 2016 च्या कायद्यानं स्थापन झालेलं.

महाराष्ट्रात चित्र वेगळं आहे. इथं धर्माशी जोडलेलं नर्सिंगचं शिक्षण म्हणजे बहुतेक वेळा मिशन हॉस्पिटल आणि त्याला लागून असलेली नर्सिंगची शाळा किंवा महाविद्यालय. मिरजेचं वॉन्लेस हॉस्पिटल, अहिल्यानगरचं साल्व्हेशन आर्मीचं एव्हँजेलिन बूथ हॉस्पिटल, नागपूरचं म्युअर मेमोरियल ही जुनी नावं. परभणीकरांना जवळचं मिशन हॉस्पिटल म्हणजे जालन्याचं, त्याच रेल्वेमार्गावरचं. आणि देशभरात ज्या एका नावापुढे बाकीच्यांची उंची मोजली जाते ते वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज.

बारावी सायन्स झालेली मुलगी सेलूची असो, जिंतूरची असो की पूर्णेची, अशा संस्थेचं नाव निघालं की घरात दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक : ‘‘मिशनचं आहे ना, मग पोरगी सुरक्षित राहील.’’ दुसरी : ‘‘तिकडं गेली की धर्म बदलतील.’’ दोन्ही ऐकीव. या संस्था चालतात कशा हे नीट पाहिलं तर दोन्हींतलं बरंचसं गळून पडतं. त्यासाठी दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवून घ्याव्या लागतात. पदवीवरचा शिक्का सरकारी यंत्रणेचा असतो. रोजची शिस्त संस्थेची असते. चौकशीला गेलेले पालक बहुधा दुसरीबद्दलच विचारतात. घोटाळे होतात ते पहिलीत.

म्हणून आधी शिक्का. देशभरात नर्सिंगचा अभ्यासक्रम ठरवते इंडियन नर्सिंग कौन्सिल, 1947 च्या कायद्यानं आलेली. (2023 मध्ये संसदेनं राष्ट्रीय नर्सिंग आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा केला आहे, तो जुन्या कौन्सिलची जागा घेण्यासाठी आहे.) आपल्या राज्यात नोंदणी करते महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल. बी.एस्सी. नर्सिंगची परीक्षा घेऊन पदवी देतं नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, किंवा कॉलेज एखाद्या अभिमत विद्यापीठाचं असेल तर ते विद्यापीठ. जीएनएम आणि एएनएम या पदविकांच्या परीक्षा शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे. मिशनच्या नर्सिंग शाळांची मात्र आणखी एक जुनी वाट आहे : ख्रिश्चन मेडिकल असोसिएशन ऑफ इंडियाच्या नर्सेस लीगचं मिड इंडिया बोर्ड. मध्य भारतातल्या मिशन शाळांच्या जीएनएम परीक्षा या बोर्डानं अनेक दशकं घेतल्या. त्यामुळे मिशनच्या शाळेत जीएनएमला नाव घालताना पहिला प्रश्न हाच : परीक्षा कोण घेणार, आणि त्या प्रमाणपत्रावर नोंदणी कुठल्या कौन्सिलात होणार? उत्तर तोंडी घेऊ नये, कागदावर मागावं.

‘विद्यापीठ’ या पाटीनंही गोंधळ होतो. वेल्लोरचं एवढं मोठं नाव, पण नर्सिंगची पदवी मिळते ती चेन्नईच्या डॉ. एमजीआर मेडिकल युनिव्हर्सिटीची. पुण्यातलं स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ खरोखरच विद्यापीठ आहे, 2014 च्या राज्य कायद्यानं झालेलं (पुणेकर मात्र ते अजूनही स्पायसरच्या गव्हाच्या ब्रेडवरून ओळखतात). पण त्याच पंथाचं नर्सिंग शिकायचं तर लोक सुरतेच्या मेटास कॉलेजचं नाव घेतात. थोडक्यात, धर्माची पाटी आणि विद्यापीठाची पाटी एकाच दारावर असेलच असं नाही. बहुतेक ठिकाणी नसते.

आता हा धर्म नर्सिंगमध्ये आलाच कुठून? त्याचं उत्तर जर्मनीत आहे, आणि ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांना ते आवडायला हरकत नाही. ऱ्हाईन नदीकाठच्या कैसरवर्थ गावात पाद्री थिओडोर फ्लिडनर यांनी 1836 मध्ये सेवाव्रती स्त्रियांची संस्था काढली : आजाऱ्यांची सेवा, साधा गणवेश, ठरलेली प्रार्थना, ठरलेले तास. घरच्यांचा विरोध मोडून फ्लोरेन्स नाइटिंगेल 1851 मध्ये तिथं तीन महिने शिकली. पुढे लंडनला तिच्या नावानं जी शाळा निघाली ती धर्मपंथाची नव्हती, पण वसतिगृह, गणवेश, मेट्रनची करडी नजर हा सगळा साचा त्या जुन्या व्रतस्थ घरांतूनच आलेला. आपल्याकडच्या सरकारी नर्सिंग कॉलेजातही पहिल्या वर्षी दिवे लावून शपथविधी होतो. ती ‘नाइटिंगेल प्रतिज्ञा’ नाइटिंगेलची नाही, 1893 मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटला लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकारानं लिहिली गेली, आणि मूळ मसुद्यात ती देवाच्या साक्षीनं घेतली जाते. म्हणजे पूर्ण निधर्मी म्हणावी अशी नर्सिंगची शाळा शोधू गेलं तर ती सापडणं कठीणच.

महाराष्ट्रातली कथा मिरजेपासून सांगावी लागते. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे आले आणि 1894 मध्ये मिरजेत त्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं. मिरज हे रेल्वेचं जंक्शन. दूरदूरचे पेशंट गाडीनं येत. शस्त्रक्रियेला कीर्ती मिळाली तशी हाताखाली शिकलेल्या माणसांची गरज वाढली, आणि हॉस्पिटलला जोडून शिक्षण सुरू झालं. मिशन नर्सिंगचं मर्म इथंच आहे : आधी वॉर्ड, मग वर्ग. शाळा वॉर्डाच्या गरजेतून निघाली. आज अनेक खासगी नर्सिंग कॉलेजांत क्रम उलटा झालेला दिसतो. आधी इमारत आणि फी, मग पेशंटची शोधाशोध.

तेव्हा शिकायला कोण येत होतं? दुसऱ्याची विष्ठा-रक्त हाताळायचं काम, त्यातून परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावायचा. उच्चवर्णीय घरातली बाई या कामाला येणं अशक्यच होतं. त्यामुळे पहिल्या पिढ्यांत ख्रिस्ती मुली, विधवा, दुष्काळात मिशनच्या आश्रयाला आलेली अनाथ मुलं यांचा भरणा. ही कोंडी फोडायचा प्रयत्न इतरांनीही केला. रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन काढलं आणि तिथल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला धाडलं. ससून म्हणजे डेव्हिड ससून या ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीचं नाव. हिंदू समाजसुधारकांची संस्था, ज्यू दानशूराचं रुग्णालय, नाइटिंगेलचा साचा. शंभर वर्षांपूर्वीचं हे मिश्रण आजच्या भांडणांपेक्षा पुष्कळ मोकळं वाटतं.

प्रवेशाकडे वळू. बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. खुल्या वर्गाला किमान 45 टक्के. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला वय 17 पूर्ण. राज्यात आधी नीटचे गुण चालायचे, आता सीईटी कक्षाची स्वतंत्र नर्सिंग सीईटी आहे. जीएनएमला कुठल्याही शाखेची बारावी चालते, 40 टक्के आणि इंग्रजी उत्तीर्ण हवं. आर्ट्सच्या मुलींना हा मोठा दरवाजा आहे आणि परभणीसारख्या जिल्ह्यात तोच जास्त वापरला जातो.

राज्यघटनेच्या कलम 30 नं धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. त्यामुळे अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थेत जागांचा एक वाटा त्या समाजासाठी असतो, उरलेल्या जागा सर्वांना. याचाच अर्थ, ख्रिस्ती संस्थेत हिंदू, बौद्ध, मुस्लीम मुली शिकतात ते कुणाच्या मेहेरबानीनं शिकत नाहीत. वेल्लोरची पद्धत थोडी निराळी. तिथं चर्च आणि मिशन संस्था आपल्या भागातल्या उमेदवाराला पुरस्कृत करतात आणि शिक्षण झाल्यावर तिनं त्यांच्या एखाद्या दवाखान्यात ठरलेली वर्षं काम करावं अशी अपेक्षा असते. खेड्यातल्या मिशन दवाखान्यांना नर्स मिळण्याचा हा खात्रीचा मार्ग, आणि माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट.

इथं एक गाठ आहे आणि मराठवाड्यात ती वारंवार पडते. अल्पसंख्याक जागेसाठी संस्था चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला किंवा पाळकांचं पत्र मागते. अनुसूचित जातीची सवलत मात्र 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार फक्त हिंदू, शीख (1956 पासून) आणि बौद्ध (1990 पासून) यांनाच मिळते. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात ओबीसींत धरलं जातं. तेव्हा एकाच फायलीत जातीचा एससी दाखला आणि बाप्तिस्म्याचा दाखला असे दोन्ही लावले तर दोन्ही धोक्यात येतात. नोव्हेंबर 2024 मध्ये सेल्वराणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं केवळ आरक्षणासाठी धर्म सांगणं हा राज्यघटनेशी केलेला कपट-व्यवहार ठरवला. घरात दोन पिढ्या रविवारी चर्चला जाणं आणि कागदावर हिंदू असणं हे मराठवाड्यात नवं नाही. त्या घरांनी प्रवेशाच्या आधीच कुठल्या वाटेनं जायचं ते ठरवावं, आणि मग त्याच वाटेचे कागद जोडावेत.

आता शिस्त. मिशनच्या नर्सिंग शाळेत सकाळ साधारण प्रार्थनेनं सुरू होते. वॉर्डात ड्युटी बदलताना, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टर दिवसपाळीला पेशंट सोपवतात तेव्हाही अनेक ठिकाणी छोटी प्रार्थना होते. नाताळ मोठा, गुड फ्रायडे शांत. ॲडव्हेंटिस्ट संस्थेत शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत वर्ग नसतात, जेवणही साधारणतः शाकाहारी. पण वॉर्ड कधीच बंद नसतो. आजारी माणसाची सेवा शब्बाथाला चालते, हा त्यांचा जुना पायंडा. गुरुद्वाराच्या संस्थेत सेवा आणि लंगर ही कल्पना केंद्रस्थानी.

मग सक्तीचं काय? याचं उत्तर राज्यघटनेच्या कलम 28(3) मध्ये आहे आणि ते फार थोड्या पालकांना माहीत असतं. राज्यानं मान्यता दिलेल्या किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही तिच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. ती अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. सतराव्या वर्षी प्रवेश घेणारी मुलगी कायद्यानं अज्ञानच. प्रवेशाच्या दिवशी वडील ज्या दहा-बारा कागदांवर भराभर सह्या करतात, त्यांत ‘संस्थेच्या सर्व उपक्रमांत भाग घेईन’ असं लिहिलेला कागद असेल तर ती संमतीच मानली जाऊ शकते. म्हणून तो कागद वाचावा. बहुतेक ठिकाणी प्रार्थनेच्या वेळी शांत उभं राहिलं तरी पुरतं. आपण अडून बसावं की उभं राहून यावं, हे ज्यानं-त्यानं ठरवायचं.

पोशाखाचा वाद मात्र वॉर्डात वेगळ्याच कसोटीवर लागतो. तिथला नियम जंतूंचा. कोपरापासून खाली हात मोकळा हवा, म्हणजे बांगड्या, घड्याळ, अंगठी, मनगटावरचा गंडा, कडं, सगळंच अडचणीचं. ऑपरेशन थिएटरमध्ये तर सगळ्यांचेच केस झाकलेले आणि सगळ्यांचीच तोंडं. परभणीच्या मुस्लीम घरांतल्या मुलींनी संस्थेला स्कार्फबद्दल आधीच विचारावं. वॉर्डात, वर्गात आणि थिएटरमध्ये त्याची उत्तरं तीन असू शकतात.

धर्म आणि अभ्यासक्रम थेट एकमेकांसमोर येतात ते प्रसूतिविद्येत. कॅथलिक रुग्णालयं गर्भपात करत नाहीत, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियाही नाहीत. पण गर्भपाताला 1971 पासून कायद्याची चौकट आहे आणि कौन्सिलच्या अभ्यासक्रमात कुटुंबनियोजनाचा भाग अनिवार्य आहे. मग मुली शिकतात कुठं? सरकारी दवाखान्यातल्या पोस्टिंगला. ही तडजोड गैर नाही, पण पोस्टिंग खरोखर होतं का, की केसबुकात नुसत्या केसेस उतरवल्या जातात, हे पाहायला हवं. उद्या हीच मुलगी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तांबी बसवायला उभी राहणार आहे.

बाकी चार वर्षांचा अभ्यास कौन्सिलच्या नव्या रचनेनुसार आठ सत्रांचा, सगळीकडे सारखाच. आधी शरीररचना, शरीरक्रिया आणि नर्सिंगची पायाभरणी, मग प्रौढांचे आजार, मग बालरोग, मनोरुग्ण, समाज आरोग्य आणि बाळंतपण, शेवटचं सत्र इंटर्नशिपचं, 22 आठवडे. फरक पुस्तकात नसतो, खाटांत असतो. कौन्सिलच्या निकषात एका विद्यार्थिनीमागे तीन पेशंट हवेत. पेशंट कमी झालेल्या जुन्या मिशन रुग्णालयात भिंती कितीही पवित्र असल्या तरी मुलगी सुई टोचायला शिकणार नाही. आणि हे तर उघडच बोलावं : गेल्या काही दशकांत परदेशी मदत आटल्यावर अनेक मिशन रुग्णालयांचे वॉर्ड ओस पडले आहेत. त्या तुलनेत परभणीचं जिल्हा रुग्णालय, 2023 पासून ज्याला सरकारी मेडिकल कॉलेज जोडलं गेलं, तिथली गर्दी ही शिकणाऱ्यासाठी दौलत आहे.

पैशाचा हिशेब शेवटी घ्यायचा, पण तोच बहुधा निर्णय करतो. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. संस्थेच्या किंवा व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला नाही, अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांनाही नाही. म्हणजे सचखंडनं दिल्लीला गेलेल्या मुलीला ही माफी लागू नाही, आणि घराजवळच्या कॉलेजात संस्थेच्या कोट्यातून बसलेलीलाही नाही.

फीइतकाच बॉण्ड तपासावा. शिक्षण संपल्यावर इतकी वर्षं इथंच काम करावं, नाहीतर इतके पैसे भरावेत, तोवर मूळ कागद आमच्याकडे, ही प्रथा केवळ मिशनची नाही, खासगी रुग्णालयांतही आहे. सेवेची वर्षं आधी सांगून, विद्यावेतन देऊन मागितलेली असतील तर तो करार झाला. मूळ गुणपत्रिका अडवून ठेवणं हा करार नव्हे.

बाहेरच्या राज्यात शिकलेल्या मुलीची आधी त्या राज्याच्या कौन्सिलात नोंदणी होते आणि मग तिथून ना-हरकत घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलात यावं लागतं. जिल्हा परिषदेची किंवा आरोग्य खात्याची अधिपरिचारिकेची जाहिरात निघते तेव्हा हीच नोंद मागतात, आणि ऐनवेळी ती येत नाही. म्हणून निकाल लागताच अर्ज करावा. दर पाच वर्षांनी नूतनीकरणही असतं. एम्सच्या नर्स-भरतीच्या नॉरसेट परीक्षेलाही नोंदणी हवीच. तिथं कॉलेज कुठल्या धर्माचं हे कुणी विचारत नाही.

प्रवेश घेण्याआधी संस्थेत एक दिवस जाऊन यावं. प्राचार्य प्रार्थनागृह दाखवतील, वाचनालय दाखवतील, पुतळ्यांच्या प्रयोगशाळेत नेतील. ते बघून झाल्यावर आपणहून पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात जावं आणि खाटा मोजाव्यात, रिकाम्या किती ते पाहावं. मग दुपारी मेसमध्ये तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठून विचारावं की रात्रपाळी करून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाला बसवतात का, आणि आजारी पडलं तर वॉर्डातल्या सिस्टर रजा देतात की उपदेश.